मूलपेशी आणि प्राणवायू

मानवी शरीरातील रक्तपेशी अल्पायुषी असतात. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. रक्तबिंबिका तर आठ-दहा दिवसांतच संपतात. ही झीज भरून काढण्याचे काम अस्थिमज्जेत वसणाऱ्या मोजक्या मूलपेशी अव्याहत करीत असतात. मूलपेशी स्वतःसारखीच दुसरी मूलपेशी निर्माण करते, किंवा तिच्यापासून तांबड्या, पांढऱ्या पेशी घडत जातात.

रक्ताचा कर्करोग, थॅलेसेमिया अशा विकारांत या पेशींचे रोपण केले जाते. १९८८ साली पॅरिस येथे नाळेतील रक्ताचे पहिले रोपण एका बालकावर झाले. परंतु एका नाळेतून मिळणारे रक्त थोडे आणि त्यातील मूलपेशी त्याहून थोड्या. प्रौढ रुग्णाला त्या बहुधा अपुऱ्या पडतात. म्हणून त्या प्रयोगशाळेत वाढविण्याचे प्रयत्न सुरू झाले. पेशी वाढल्या खऱ्या, पण वाढता वाढता त्यांचे मूलपेशीपणच हरपू लागले!

याचे एक कारण आपल्या भोवतीच्या हवेत आहे. हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. २०१४ साली जिवंत उंदरांच्या अस्थिमज्जेत प्रत्यक्ष मोजणी झाली, तेव्हा काही भागांत तो दीड टक्क्याहूनही कमी आढळला. जो वायू आपल्याला जीवनदायी, तोच विपुल झाला की मूलपेशीला जाचक ठरतो. प्राणवायू विरळ असताना पेशीतील एक विशिष्ट प्रथिन टिकून राहते. त्याच्या प्रभावाने पेशी प्राणवायूवाचून साखरेपासून ऊर्जा मिळविते आणि शांत राहते. प्राणवायू वाढताच ते प्रथिन नष्ट होते. तंतुकणिका वेगाने काम करू लागतात आणि त्यातून निघणारी अतिक्रियाशील द्रव्ये पेशीला इजा करतात.

अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाचे हॅल ब्रॉक्समायर आणि त्यांचे सहकारी यांनी २०१५ साली आणखी पुढची गोष्ट दाखविली. उंदरांची मज्जा आणि मानवी नाळेचे रक्त त्यांनी ३ टक्के प्राणवायू असलेल्या बंद पेटीतच गोळा केले व हाताळले. नेहमीच्या पद्धतीपेक्षा कितीतरी अधिक मूलपेशी हाती लागल्या. म्हणजे हानी केवळ वाढविताना नव्हे, तर पेशी शरीराबाहेर येताच काही मिनिटांतही होत होती.

मात्र प्राणवायू कमी केला की सारे साधले, असे नाही. विसावलेली पेशी टिकते, पण तिची संख्या वाढत नाही. रोपणासाठी तर संख्याच हवी. शिवाय प्रसूतिकक्षात अशी पेटी वापरणे व्यवहार्य नाही. म्हणून त्याच संशोधकांनी सायक्लोस्पोरीन हे औषध वापरून पाहिले. रोपण केलेला अवयव शरीराने नाकारू नये म्हणून ते पूर्वीपासून दिले जाते. ते मिसळल्यावर उघड्या हवेत गोळा केलेल्या रक्तातूनही अधिक मूलपेशी मिळाल्या.