चेहऱ्याची आग होते? आधी ट्यूबवरचं नाव वाचा

वस्तीत आरोग्यभेटीला गेले असता १९ वर्षांची एक मुलगी ओढणीने चेहरा झाकून समोर बसली. "ताई, गॅसजवळ गेलं की तोंडाची आग होते. उन्हात तर उभंच राहवत नाही." गालांवर पुटकुळ्या, कातडी पातळ. घरच्यांना वाटलं, वयातली मुरमं.

"चेहऱ्याला काय लावतेस?" विचारल्यावर तिने ट्यूब दाखवली. लग्नाचं बघताहेत, म्हणून गोरं होण्यासाठी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली. आठ महिने रोज लावत होती. त्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, मोमेटासोन. म्हणजे स्टेरॉइड.

अशा मलमाने सुरुवातीला चेहरा उजळ दिसतो. पुढे कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या पसरतात आणि रोझेशियासारखा त्रास सुरू होतो. मलम बंद केलं की आग वाढते, म्हणून मुली पुन्हा तेच लावतात. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ती मिळतातच.

स्टेरॉइड न लावताही रोझेशिया होतो. बहुधा तिशीनंतर, पण तरुणांनाही. तो संसर्गाने पसरत नाही, अस्वच्छतेने होत नाही. सावळ्या रंगावर लाली लपते, म्हणून आग, टोचणी, गरम वाटणं आणि पुटकुळ्या यांकडे लक्ष द्या. मुरमांत काळी टोकं दिसतात, रोझेशियात नसतात.

रोजच्या या सवयी त्रास वाढवतात: दिवसातून चार-पाच वेळा साबण, स्क्रबने घासणं, ब्लीच, लिंबू किंवा टूथपेस्ट लावणं, कढत पाण्याने तोंड धुणं.

त्याऐवजी एवढं करा:
• दोनदा कोमट पाण्याने, सौम्य फेसवॉशने तोंड धुवा. टॉवेलने घासू नका, टिपा.
• बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर लावा.
• उन्हात एसपीएफ ३० चं सनस्क्रीन, नाहीतर छत्री किंवा ओढणी.
• बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावं ट्यूबवर असतील तर चिठ्ठीशिवाय चेहऱ्याला लावू नका.

आधीपासून लावत असाल तर सरकारी रुग्णालयात केसपेपर काढून त्वचारोग विभागात दाखवा. ट्यूब सोबत न्या, काहीही लपवू नका. डोळे चुरचुरत असतील तर तेही सांगा.

त्या मुलीचे उपचार सुरू आहेत. आग कमी झाली आहे, कातडी भरायला महिने लागतील. सावळेपणा हा आजार नाही, हे तिला आधीच कुणी सांगायला हवं होतं. आपल्या मुलींना आपण सांगूया.