मोटारीची प्रतिकृती आणि तिचा चालक
हौशी संग्राहक शर्यतीच्या मोटारींच्या ज्या प्रतिकृती जपतात, त्यांचे प्रमाण पुष्कळदा 1:43 असते. मुंबईचे जहान दारूवाला ह्यांनी 2020 साली 'फॉर्म्युला टू' स्पर्धेत चालविलेली मोटार सुमारे 522 सेंटिमीटर लांब होती. आम्ही भागाकार केला, तो प्रतिकृती अवघी 12 सेंटिमीटर. हिंगोलीच्या विद्यार्थ्याच्या कंपासपेटीहूनही आखूड! ह्या स्पर्धेत सर्वांच्या मोटारी व इंजिने एकाच बनावटीची असतात. सबब खरी कसोटी लागते ती चालकाची आणि त्याच्या पथकाची. त्या हंगामातील 24 शर्यतींपैकी पहिल्या 23 मध्ये दारूवालांस एकही विजय लाभला नाही. अखेरची शर्यत 6 डिसेंबर रोजी बहरीनमधील साखीर येथे झाली. ती त्यांनी जिंकली, व ह्या स्पर्धेत शर्यत जिंकणारे ते पहिले भारतीय ठरले. गुणतक्त्यात मात्र क्रमांक बारावाच राहिला.