इंजेक्टर मोठे बसवलेत, पण ईसीयूला सांगितलंत का?

इंजिनाला टर्बो बसवला किंवा आतले भाग बदलून ताकद वाढवली की जुने इंजेक्टर पेट्रोल पुरवायला कमी पडतात आणि मोठे घ्यावे लागतात. अमेरिकेत 1990 च्या दशकातल्या होंडा सिव्हिक आणि इंटिग्रा या गाड्यांवर हा प्रयोग अनेकांनी केला. तिथल्या बऱ्याच इंजिनांमध्ये मिनिटाला 240 सीसी पेट्रोल सोडणारे इंजेक्टर होते. टर्बोसाठी लोक त्यांच्या जागी मित्सुबिशी एक्लिप्सच्या टर्बो इंजिनातले 450 सीसीचे इंजेक्टर बसवत. बसवण्याचं काम एका दुपारचं असतं. खरं काम असतं ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, हा बदल नीट कळवण्याचं. ते अर्धवट सोडल्यामुळे चांगली इंजिनं निकामी होतात, म्हणून नेहमी कानावर पडणारे गैरसमज इथे एकेक करून तपासू.

गैरसमज 1: इंजेक्टर मोठे, म्हणजे ताकद जास्त.

वस्तुस्थिती: ताकद ठरते ती सिलिंडरमध्ये किती हवा शिरते त्यावर. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते. पूर्ण रेस दिल्यावर सर्वाधिक ताकद साधारण 12.5 ते 13 या प्रमाणाला मिळते, म्हणजे पेट्रोल थोडं जास्त असताना. त्याहून जास्त पेट्रोल ओतलं की ताकद उलट घटते, प्लग काळे पडतात, आणि न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली ऑइलमध्ये मिसळतं. हवा तेवढीच ठेवून नुसते इंजेक्टर मोठे केले, तर हाती फक्त नुकसान येतं.

गैरसमज 2: ईसीयू हुशार असतो, चार दिवसांत स्वतःच शिकून घेतो.

वस्तुस्थिती: ईसीयू शिकतो, पण ठरलेल्या मर्यादेत. ऑक्सिजन सेन्सरकडे पाहून तो पेट्रोल कमी-जास्त करतो, त्याला फ्युएल ट्रिम म्हणतात. बहुतेक गाड्यांत ही मुभा 25 टक्क्यांच्या आसपास असते. ती इंजेक्टर मळणं, फिल्टर तुंबणं, पेट्रोलच्या प्रतीत फरक पडणं अशा किरकोळ गोष्टींसाठी ठेवलेली असते. 240 वरून 450 सीसीवर जाणं म्हणजे जवळपास 88 टक्के वाढ. ती ट्रिमच्या आवाक्यातली नाही. शिवाय थंड इंजिन सुरू होताना सेन्सर तापलेला नसतो, आणि पूर्ण रेसमध्ये बहुतेक ईसीयू या दुरुस्तीवर अवलंबून न राहता थेट नकाशातल्या, म्हणजे ईसीयूत आधीच भरलेल्या तक्त्यातल्या, आकड्यांवर चालतात. जिथे चूक सर्वात महागात पडते, तिथेच मदत नसते. बॅटरीची वायर काढून ठेवल्याने तर शिकलेलं तेवढं पुसलं जातं, इंजेक्टरचा आकार बदलत नाही.

गैरसमज 3: 240 ला 450 ने भागा, सगळे आकडे त्या पटीत कमी करा, झालं ट्यूनिंग.

वस्तुस्थिती: गणिताची सुरुवात बरोबर आहे, शेवट चुकीचा. ईसीयूने करंट सोडल्यापासून इंजेक्टरची सुई उघडून पेट्रोल नीट सुरू होईपर्यंत थोडा वेळ वाया जातो. हाच डेड टाइम. 14 व्होल्टला तो साधारण एक मिलिसेकंद धरू. आयडलिंगला जुना इंजेक्टर 3 मिलिसेकंद उघडा राहत असेल, तर पेट्रोल प्रत्यक्षात पडतं 2 मिलिसेकंद. नव्या इंजेक्टरला त्यासाठी 1.07 मिलिसेकंद पुरतात, डेड टाइम धरून 2.07. पण अख्ख्या 3 मिलिसेकंदांना 0.53 ने गुणलं तर येतात 1.6. त्यातला एक वाया गेला, उरले 0.6. म्हणजे इंजेक्टर जवळपास दुप्पट मोठे असूनही इंजिनाला 40 टक्क्यांहून जास्त पेट्रोल कमी पडतं, आणि सिग्नलला गाडी बंद पडते. हीच चूक जोरात पळताना, इंजेक्टर उघडा ठेवणाऱ्या 12 मिलिसेकंदांच्या स्पंदाला, फक्त 8 टक्क्यांची ठरते. म्हणून गाडी वर छान पळते आणि खाली रडते.

डेड टाइम व्होल्टेजवर बदलतो. हेडलाइट, एसी, पंखा एकदम चालू झाले, व्होल्टेज उतरलं, की सुई उशिरा उघडते. म्हणून प्रत्येक व्होल्टेजचा डेड टाइम असलेला त्या इंजेक्टरचा तक्ता मिळवून ईसीयूत भरावा लागतो. हा तक्ता नसलेले स्वस्तातले इंजेक्टर घेऊच नयेत.

गैरसमज 4: इंजेक्टरचा आकडा कशाला बदलायचा? हवेच्या सेन्सरचं रीडिंग कमी दाखवलं की पेट्रोल आपोआप कमी होतं.

वस्तुस्थिती: ही सर्वात धोकादायक युक्ती आहे. सुबारू, निसान यांच्या बऱ्याच गाड्यांत आत येणारी हवा मोजणारा मास एअर फ्लो सेन्सर असतो. त्याचं रीडिंग खोटं कमी केलं की पेट्रोल कमी होतं, हे खरं. पण त्याच रीडिंगवरून ईसीयू इंजिनावरचा भार काढतो, आणि भारावरून स्पार्क केव्हा द्यायचा ते ठरवतो. भार कमी दिसला की तो स्पार्क लवकर देतो. प्रत्यक्षात टर्बोचा पूर्ण दाब असतो, त्यामुळे इंजिन नॉक मारायला लागतं, म्हणजे मिश्रण अवेळी पेटू लागतं, आणि पिस्टनच्या कडा तुटेपर्यंत वेळ लागत नाही. एक खोटा आकडा लपवायला पुढे दहा आकडे खोटे करावे लागतात. हवेचा आकडा हवेचाच ठेवा, इंजेक्टरचा आकडा इंजेक्टरचाच.

गैरसमज 5: 440 सीसी छापलंय, म्हणजे कुठेही 440 च.

वस्तुस्थिती: छापलेला आकडा पेट्रोलच्या ठरावीक दाबाचा असतो, बहुधा 3 बारचा. प्रवाह दाबाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतो. तोच इंजेक्टर 4 बारवर मिनिटाला सुमारे 508 सीसी सोडतो. ईसीयूत भरायचा आकडा तुमच्या गाडीच्या दाबाचा हवा.

विजेचा हिशेबही तपासा. त्या 450 सीसी इंजेक्टरचा रोध जेमतेम 2 ते 3 ओहम असतो. 1992 ते 1995 च्या अनेक होंडांमध्ये अशा इंजेक्टरसाठी वायरिंगमध्येच रेझिस्टर बॉक्स होता, तिथे ते चालत. 12 ते 16 ओहमच्या इंजेक्टरसाठी बनवलेल्या ईसीयूला ते थेट जोडले तर एक अँपिअरच्या जागी पाच अँपिअरच्या आसपास करंट जातो आणि इंजेक्टर चालवणारं आतलं ड्रायव्हर सर्किट जळू शकतं.

गैरसमज 6: पूर्ण रेसमध्ये मिश्रण जमलं, म्हणजे काम संपलं.

वस्तुस्थिती: काम तिथून सुरूही करायचं नसतं. आधी इंजेक्टरचा आकार आणि डेड टाइम भरा. मग गरम इंजिनाचं आयडलिंग, मग एका वेगाने शांत पळणं, आणि ट्रिम शून्याजवळ आल्यावरच हळूहळू टर्बोचा दाब वाढवा. शेवटी थंड स्टार्ट आणि अचानक रेस दिल्यावर मिळणारं जादा पेट्रोल तपासा. त्यासाठी वाइडबँड सेन्सर हवाच. जुन्या गाड्यांतला मूळ नॅरोबँड सेन्सर मिश्रण आदर्श प्रमाणाच्या अलीकडे आहे की पलीकडे एवढंच सांगतो, किती ते सांगत नाही. मिश्रण लॅम्ब्डात, म्हणजे प्रत्यक्ष हवा आदर्श हवेच्या किती पट आहे त्यात, मोजायची सवय लावा. आपल्याकडच्या ई20 पेट्रोलला 14.7 नव्हे, सुमारे 13.5 पट हवा लागते, पण आदर्श मिश्रणाचा लॅम्ब्डा कोणत्याही इंधनाला 1 च असतो.

वरची मर्यादाही पाहा. 6000 आरपीएमला इंजिनाचं एक पूर्ण चक्र 20 मिलिसेकंदांचं असतं. इंजेक्टर त्यातले 17 मिलिसेकंद, म्हणजे 85 टक्के, उघडा राहत असेल तर तो पुरेसा मोठा नाही. उलट गरजेपेक्षा फार मोठा घेतला तर आयडलिंगचा स्पंद इतका छोटा होतो की प्रत्येक वेळी सारखं पेट्रोल पडत नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक गोष्ट महत्त्वाची. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या मनमानी बदलांना आळा घालतं, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलासाठी मालकाला दर बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. असे प्रयोग रेसट्रॅकच्या गाडीवरच करा. आणि ट्यूनरकडे जाल तेव्हा आधी एकच विचारा, या इंजेक्टरचा डेड टाइमचा तक्ता कुठे आहे? तो दाखवू न शकणाऱ्याच्या हाती इंजिन देऊ नका.