विडी घरकुल, कुंभारी

सोलापूर शहराजवळ अक्कलकोट मार्गावरील कुंभारी (ता. दक्षिण सोलापूर) येथील विडी कामगारांची सहकारी गृहवसाहत. तिला गोदावरी परुळेकर (१९०७–९६) यांचे नाव दिलेले आहे. विडी वळण्याचे काम बहुतांशी स्त्रिया घरी बसून करतात. त्यामुळे घर हीच त्यांची कामाची जागा होय. भाड्याची खोली सुटली, की कामाचीही घडी विस्कटते. मजुरी हजार विड्यांमागे मिळते व तारण ठेवण्याजोगी मालमत्ता सहसा नसते. त्यामुळे गृहकर्ज मिळणे दुरापास्त होते.

यावर नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली सहकारी संस्थेचा मार्ग अवलंबिण्यात आला. दहा हजार घरांच्या या योजनेत प्रत्येक घराच्या सु. ६०,००० रु. खर्चापैकी केंद्र व राज्य शासनांनी प्रत्येकी २०,००० रु. दिले, उरलेला तिसरा हिस्सा कामगाराचा. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरांचे हस्तांतरण झाले. पुढे कुंभारीतच असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांची रे नगर योजना आखण्यात आली; तीतील पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये देण्यात आली. प्रधानमंत्री आवास योजनेनुसार तेथे केंद्राचे दीड लाख व राज्याचे एक लाख रु. अनुदान आहे.

किमतीइतकाच अंतराचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. पाने व तंबाखू आणणे आणि वळलेल्या विड्या पोहोचविणे ही कामगाराची नित्याची खेप असते. वसाहत शहराबाहेर असली, की तिचा खर्च मजुरीतूनच भागवावा लागतो.