आडनावाखालचं आडनाव

वाशिम-पुसद रस्त्यावरच्या अनसिंगात कुणी स्वतःला अनसिंगकर म्हणवून घेतलं तर ऐकणारा हसेल. सगळेच अनसिंगचे, मग त्यात ओळख कसली? ‘कर’ चिकटतो तो गाव सुटल्यावर. परगावी लोक ‘कुठले तुम्ही?’ विचारतात आणि ते उत्तरच पुढच्या पिढीचं आडनाव होऊन बसतं. गाडगेबाबांचं घराणं जाणोरकर, जन्म मात्र 1876 साली शेंडगावात. पुढे हातातल्या गाडग्यानं जाणोरकरही मागं सारलं. अमरावतीच्या विद्यापीठाच्या पाटीवर आज गाडगेच आहे.

गावाइतकीच हुद्द्यानंही वऱ्हाडात आडनावं घडवली. देशमुख परगण्याचा वसूल पाहायचा, देशपांडे त्याचा हिशेब ठेवायचा. गावात पाटील आणि पटवारी. वतन बापाकडून लेकाकडे जायचं, त्यामुळे हुद्दाच नावाला जडला आणि कुळाचं नाव त्याखाली दबलं. केंद्रात कृषिमंत्री झालेले पंजाबराव देशमुख मूळचे कदम. एरवी हे कुणाला आठवत नाही. सोयरिकीची बोलणी निघाली, की मात्र पहिला प्रश्न तोच : “देशमुख ते झालं, पण मूळ आडनाव काय?” उलट सिंदखेडच्या लखुजी जाधवांकडे देशमुखी होती, तरी ते जाधवच राहिले. ज्या घराण्याला ज्याचा मान मोठा वाटला ते त्यानं पुढे ठेवलं, असा माझा तर्क.

1853 साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेलं आणि पुढे परगण्याच्या वतनदारांचं काम सरकारी नोकरांकडे आलं. मुलकी पाटलाचं पद 1962च्या कायद्यानं गेलं. आडनावं राहिली, त्यांच्याबरोबर शब्दही. देशमुखी थाट करायला परगणा लागत नाही आणि पाटीलकी गाजवणारा तर हल्ली कुठल्याही आडनावाचा असतो. शिंदेशाही पगडीत मात्र सरळ आडनावाचाच शब्द झाला.

या भागातल्या बंजारा तांड्यांत दोन्ही थर एकत्र दिसतात. राठोड, पवार, चव्हाण, जाधव ही कुळं. नायक, कारभारी हे तांड्याचे मानकरी. पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक 1963 ते 1975 राज्याचे मुख्यमंत्री होते. कूळ राठोड; ‘नाईक’ आलं ते तांड्याच्या नायकीतून. पण लग्न ठरवताना नायकी कामाची नाही, तिथे कूळच विचारलं जातं, कारण राठोडाची सोयरिक राठोडात होत नाही. कागदावरचं आडनाव इथे थोडा वेळ बाजूला बसतं.

हुद्द्यांपैकी एक मात्र बोलण्यात अजून टिकून आहे. तलाठ्याला इकडे आजही पटवारीच म्हणतात. तो आडनावानं देशपांडे निघाला, तरी लोकांच्या तोंडी पटवारीसाहेबच.