शहपुऱ्याचे मैदान कोणी घडविले?

जबलपूरच्या पश्चिमेस, भेडाघाटचे संगमरवरी कडे मागे टाकल्यावर नर्मदेच्या उत्तरेस एक विस्तीर्ण सपाट प्रदेश लागतो. शहपुरा हे तहसिलीचे गाव याच प्रदेशात, जबलपूरपासून सुमारे तीस-पस्तीस किलोमीटर अंतरावर आहे. (डिंडोरी जिल्ह्यातही याच नावाचे एक गाव आहे, ते निराळे.) काळी जमीन, मोठमोठी शेते, विरळ झाडी आणि दूरवर सातपुडा व विंध्य यांच्या पुसट रेषा असे येथील दृश्य दिसते. एखाद्या प्रवाशास वाटेल की, हे मैदान निसर्गाने जसे दिले तसेच मनुष्याने वापरले. वस्तुस्थिती मात्र तशी नाही. माती निसर्गाची असली, तरी या मैदानाचे रूप शेकडो वर्षांच्या मानवी श्रमाने, राज्यकर्त्यांच्या सारापद्धतीने आणि दूरच्या बाजारपेठांनी ठरविले आहे.

जबलपूर, सिहोरा, पाटण व शहपुरा यांच्या सभोवारच्या या प्रदेशास जुन्या काळापासून ‘हवेली’ असे म्हणतात. हवेली म्हणजे वाडा, एवढाच अर्थ आज आपल्या ध्यानात येतो. पण मोगलकालीन महसुली भाषेत ठाण्याच्या गावाभोवतीच्या, प्रत्यक्ष सरकारी व्यवस्थेखालील सुपीक मुलखास हवेली म्हणत. पुण्याभोवतालच्या हवेली तालुक्याचे नाव याच परंपरेतील आहे. जबलपूरकडे मात्र या शब्दाला पुढे आणखी एक अर्थ चिकटला. शेतात पाऊस साठवून गहू पिकविण्याची जी विशिष्ट रीत या मुलखात रूढ होती, तिलाही लोक ‘हवेली’ म्हणू लागले.

ही रीत समजण्यासाठी प्रथम येथील माती समजली पाहिजे. तिच्या सर्वांत चिकट प्रकारास स्थानिक शेतकरी ‘काबर’ म्हणतात. तीत चिकणमातीचे प्रमाण फार मोठे असते, आणि या चिकणमातीतील खनिजांचे अतिसूक्ष्म पापुद्रे एकमेकांवर रचलेले असतात. पाणी मिळताच ते पापुद्र्यांच्या मध्ये शिरते व माती फुगते. उन्हाळ्यात पाणी निघून गेले की ती आक्रसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिल्या पावसाचे पाणी या भेगांतून खोल उतरते. माती फुगून भेगा मिटल्या, की मग पाणी वरच्या वर राहते. अशा ओल्या काबरीत बैलांचे पाय रुततात व नांगराला चिखलाचे लोंदे चिकटतात. जबलपूरच्या परिसरात वर्षाला सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. म्हणजे ज्या काळात पाणी मुबलक, त्याच काळात जमिनीत पाऊल ठेवणे कठीण. आणि जमीन कामाजोगी होते तेव्हा पाऊस संपलेला असतो.

या अडचणीवर शेतकऱ्यांनी जो तोडगा काढला, तो मोठा मार्मिक आहे. पावसाळ्यात शेत कसता येत नसेल, तर त्याचे तळेच करून टाकावे! मोठ्या शेताच्या चारी बाजूंना, विशेषतः उताराच्या अंगाला, पुरुषभर नव्हे पण कमरेइतक्या उंचीचा मातीचा बांध घालीत. जुलैपासून त्यात पावसाचे पाणी साठे. सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरच्या आरंभी बांध एका ठिकाणी फोडून पाणी सोडून देत. काही दिवसांत वरचा थर वाफशावर आला, की वखराची एखादी पाळी देऊन अथवा तीही न देता गहू, हरभरा, किंवा दोहोंचे मिश्रण पेरीत. या मिश्र पिकाला तिकडे ‘बिर्रा’ म्हणतात. त्यानंतर या पिकास पाणी द्यावे लागत नसे. तीन महिने भिजत राहिलेल्या मातीतील ओल आणि पडलाच तर एखादा मावठा, एवढ्यावर मार्चमध्ये गहू कापणीला येई.

एका बांधाने किती कामे साधत, ते पाहण्याजोगे आहे. पाण्याखाली तण गुदमरून मरे, तेव्हा निंदणी वाचे. पावसाळी नांगरट नसल्याने थोड्या बैलांवर मोठे शेत सांभाळता येई. उतारावरून वाहून येणारा गाळ शेतातच बसे. बुडालेले गवत कुजून त्याचे खत होई, आणि साचलेल्या पाण्यात वाढणारे नील-हरित शेवाळ हवेतील नत्र मातीत आणून टाकी. जे पाणी हळूहळू झिरपे, त्याचा लाभ आसपासच्या विहिरींना होई. आजच्या परिभाषेत ज्यांना तणनियंत्रण, मृदसंधारण, खतपुरवठा आणि जलसंधारण अशी चार वेगवेगळी नावे आहेत, ती चारही कामे हा मातीचा ढिगारा एकसमयी करीत असे.

या पद्धतीचा प्राण मात्र मातीत नसून शेजारधर्मात होता. वरच्या शेतातील पाणी सोडले, की ते खालच्या शेतात येणार. त्याने ते आणखी खाली सोडायचे, आणि असे करीत शेवटी ओढ्यावाटे हिरन किंवा नर्मदा नदीस पोचवायचे. एखाद्याने आठ दिवस आधी बांध फोडला, तर शेजाऱ्याच्या बांधावर दुप्पट भार येई. एखाद्याने उशीर केला, तर खालच्याची पेरणी लांबे. म्हणून कोणी केव्हा पाणी सोडावे याचा निर्णय एकट्याचा नसे.

भंडारा व चंद्रपूर या भागांतील वाचकांस येथे आपल्याकडील तलावांचे स्मरण होईल. तोही मुलूख गोंड राजांच्या आणि नंतर नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. पण तेथे कोहळी समाजाने उताराच्या जागा हेरून तलाव बांधले व त्यांखाली भात पिकविला. हवेलीतील सपाट काबरीत वेगळ्या तलावाला जागाच नव्हती. तेथे शेत हेच चार महिने तळे आणि आठ महिने रान झाले.

आता या रानावरून कोणकोणता इतिहास गेला, तो पाहू. शहपुऱ्याच्या पूर्वेस असलेले तेवर हे खेडे म्हणजे कलचुरी राजांची राजधानी त्रिपुरी होय. भेडाघाटचे चौसष्ट योगिनींचे मंदिर त्याच घराण्याच्या काळातील, दहाव्या शतकाच्या सुमाराचे आहे. पुढे गढ्याचे गोंड राज्य प्रबळ झाले. राणी दुर्गावती १५६४ मध्ये मोगल सरदार आसफखानाशी लढताना धारातीर्थी पडली, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. अबुल फज्ल याने ‘आईन-इ-अकबरी’त गढ्याची माहिती देताना, येथील धान्य गुजरात व दक्षिण या दोन्ही प्रांतांस पुरेल एवढे असल्याचे म्हटले आहे. दरबारी लेखकाची अतिशयोक्ती वजा केली, तरी हा मुलूख त्या काळीही पिकाऊ म्हणून प्रसिद्ध होता, एवढे त्यावरून निश्चित होते.

१७८१ मध्ये पेशव्यांच्या वतीने सागरचा कारभार पाहणाऱ्या मराठ्यांनी हे राज्य घेतले. १७९८ मध्ये ते दुसरे रघूजी भोसले यांच्याकडे गेले. आणि १८१७ च्या अखेरीस इंग्रजांनी जबलपूर काबीज केले. मराठी अमलात साऱ्याच्या जबर वसुलीमुळे शेती खालावली, असे इंग्रज अधिकाऱ्यांनी वारंवार लिहून ठेवले आहे. त्यात तथ्य आहे. परंतु त्यांच्या स्वतःच्या आरंभीच्या आकारणीही जड व अल्प मुदतीच्या होत्या, हे त्यांच्याच दप्तरांवरून दिसते. रानाच्या दृष्टीने मुद्दा निराळाच आहे. बांध एका वर्षात फळ देत नाही. गाळ साचायला, तण हटायला वर्षे लागतात. पुढील साली हे शेत आपल्याकडे राहील की नाही, अशी ज्याला धास्ती, तो बांधावर माती कशाला टाकील? सारा ठरविणाऱ्याच्या लेखणीचा फटकारा असा थेट जमिनीच्या उंचसखलपणावर उमटत असे. १८६० नंतरच्या दशकात मालगुजारांना मालकी हक्क व दीर्घ मुदतीची आकारणी मिळाली, आणि बांधबंदिस्तीला अनुकूल काळ आला.

तेवढ्यात रेल्वे आली. १८७० च्या मार्च महिन्यात मुंबईकडून येणारा लोहमार्ग आणि अलाहाबादकडून येणारा लोहमार्ग जबलपूर येथे जोडले गेले. इटारसीकडून येणारा मार्ग शहपुऱ्याच्या शेजारील भिटोनीवरूनच जातो. त्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे १८६९ मध्ये, सुएझचा कालवा खुला झाला होता. जो गहू पूर्वी बैलांच्या पाठीवरून जाई, तो आता मुंबईच्या धक्क्यावरून युरोपात जाऊ लागला. भाव वाढले, जमिनीची किंमत वाढली, सावकाराची पत वाढली आणि गव्हाखालील क्षेत्र चोहीकडे पसरले. लंडनच्या बाजारातील दराने शहपुऱ्याच्या चराऊ रानाचे शेत व्हावे, हा त्या काळाचा महिमा!

ही भरभराट फार टिकली नाही. १८९३ पासून लागोपाठ ओल्या, ढगाळ हिवाळ्यांनी गव्हावर तांबेरा पडला. १८९६-९७ मध्ये पावसाने दगा दिल्याने दुष्काळ आला, आणि १८९९-१९०० मध्ये पुन्हा आला. १९०१ च्या जनगणनेत जबलपूर जिल्ह्याची लोकसंख्या ६,८०,५८५ भरली. दहा वर्षांत ती सुमारे नऊ टक्क्यांनी घटली होती. माणसे मेली, बैल मेले, आणि बांध दुरुस्त करणारे हात उरले नाहीत. मग फुटक्या बांधांच्या शेतांत कांस शिरला.

कांस हे उंच, पांढऱ्या तुऱ्यांचे गवत आहे. शरद ऋतूत ते फार शोभिवंत दिसते. शेतकऱ्याला मात्र त्या शोभेने घाम फुटतो. त्याची मुळे व भूमिगत खोडे इतकी खोल जातात की, देशी नांगर त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. उलट वरवर तुटलेल्या प्रत्येक तुकड्याला नवा कोंब येतो. पाणी भरलेल्या हवेलीत त्याला थारा मिळत नसे, पण पाणी हटले की तो ठाण मांडी. मौजेची गोष्ट अशी की, हेच गवत उसाचे भाऊबंद आहे. कोइमतूर येथे १९१२ मध्ये स्थापन झालेल्या ऊस-पैदास केंद्रात बार्बर व वेंकटरामन यांनी उसाशी त्याचा संकर करून काटक जाती निर्माण केल्या. गव्हाच्या रानातील वैरी उसाच्या रानात उपकारक ठरला.

कांसाने ग्रासलेल्या जमिनी मोकळ्या करण्यासाठी स्वातंत्र्याच्या सुमारास केंद्र सरकारने ट्रॅक्टर संघटना उभी केली. जागतिक बँकेने १९४९ मध्ये भारताला दिलेल्या अगदी आरंभीच्या कर्जांपैकी एक, एक कोटी डॉलरचे, कर्ज याच कामाच्या अवजड ट्रॅक्टरांसाठी होते. उन्हाळ्यात खोल नांगरट करून कांसाची मुळे उघडी पाडायची व उन्हात वाळवायची, असा तो उपाय होता. मातीच्या बांधाने आणि पावसाच्या पाण्याने जे काम बिनबोभाट होत असे, त्यासाठी आता पोलाद, तेल आणि परकीय चलन लागले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

१९५१ मध्ये मालगुजारी नष्ट झाली. कूळ मालक झाले, ही न्यायाची गोष्ट झाली. पुढे वारसांच्या वाटण्या होऊन एका बांधाआतील शेताचे अनेक तुकडे पडले, आणि तळ सपाट ठेवून एकदम पाणी भरणे व सोडणे अवघड होत गेले. १९६४ मध्ये जबलपूर येथे कृषी विश्वविद्यालय स्थापन झाले व तेथे सोयाबीनवर प्रयोग सुरू झाले. सोयाबीन हे पावसाळी पीक आहे आणि त्याला साचलेले पाणी मुळीच खपत नाही. हवेलीचा शेतकरी पाऊस शेतात कोंडी; सोयाबीनवाल्याला तो शेताबाहेर काढावा लागतो. एकाच रानात दोन्ही नीती चालणे शक्य नव्हते. पुढे कूपनलिका आल्या. नर्मदेवरील बरगी धरण १९९० च्या सुमारास पूर्ण झाले आणि जिल्ह्यात कालव्याचे पाणी फिरू लागले. हिवाळ्यात पाणी बाहेरून मिळते, तण औषधाने मरते, नत्र पोत्यातून येते; मग रुंद बुडाच्या बांधाखाली जमीन का अडवावी, असा हिशेब शेतकऱ्याने केला. १९९७ मध्ये ‘डाइंग विज्डम’ या ग्रंथात देशातील पारंपरिक जलसंधारण-पद्धतींची नोंद झाली, तेव्हा हवेलीचा समावेश मावळत्या परंपरांत करावा लागला.

या हिशेबाबद्दल शेतकऱ्यास दोष देणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. हवेलीतून वर्षाला एकच पीक निघे; आज त्याच जमिनीत भात व गहू, किंवा हिवाळी वाटाणा व त्यामागून आणखी एक पीक घेता येते. जबलपूरचा हिरवा वाटाणा ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजनेत जिल्ह्याचे पीक म्हणून निवडला गेला, आणि शहपुरा व पाटण हे त्याचे प्रमुख भाग आहेत. मात्र पूर्वीच्या बांधाने एकत्र केलेली कामे आता एकेक करून विकत घ्यावी लागतात, आणि प्रत्येकाची किंमत डिझेल, वीज अथवा खताच्या भावाबरोबर हलते.

पाण्याचा उतारही बदललेला नाही. वरच्या शेतात वाटाणा लावायचा, तर ते लवकर कोरडे करावे लागते. खालच्या शेतात भात पिकत असेल, तर त्याला त्या वेळी वरून आलेले पाणी नको असते. पूर्वी सर्वांचे पीक एक होते, म्हणून सर्वांची तिथीही एक होती. आता पिके निरनिराळी झाली आहेत आणि ओढे तेच आहेत. सप्टेंबरात बांधावर फावडे टाकण्यापूर्वी खालच्या शेतकऱ्यास विचारण्याची गरज त्यामुळे पूर्वीपेक्षा वाढली आहे. आणि बांध मोडल्यामुळे विचारण्याचे निमित्त मात्र उरलेले नाही. जेथे शेत पडीक पडते, तेथे ऑक्टोबरात कांसाचे पांढरे तुरे आजही डोके वर काढतात.