पाच रुपयांच्या पुडीचे पुढे काय होते?

शाळा सुटली की मुले दुकानातून वेफर्सची पाच रुपयांची पुडी घेतात. खाऊ पाच मिनिटांत संपतो. रिकामी पुडी मात्र गटारात, उकिरड्यावर नाहीतर बंबात जाते. भंगारवाला डबा, बाटली, रद्दी विकत घेतो. ही पुडी फुकट दिली तरी घेत नाही. असे का?

पुडी एकसंध दिसते, पण ती निरनिराळे पापुद्रे चिकटवून केलेली असते. बाहेर छपाईचे प्लास्टिक, त्यामागे अ‍ॅल्युमिनियमचा अतिशय पातळ मुलामा आणि आतून उष्णतेने चिकटणारे प्लास्टिक. आत हवेऐवजी नत्र वायू भरतात. त्यामुळे तेल खवट होत नाही व खाऊ सादळत नाही. पण खाऊ टिकवणारे हे पापुद्रेच नंतर वेगळे करता येत नाहीत. एकत्र वितळवले तर माल हलका निघतो. शिवाय पुडीचे वजन ते किती!

आपल्याकडून दोन चुका हमखास होतात. पहिली, बंब किंवा चूल पेटवताना पुड्या घालणे. त्या अर्धवट जळतात. काजळी आणि कार्बन मोनॉक्साइडसारखे विषारी वायू निघतात, आणि ते प्रथम जातात चुलीजवळच्या बाईच्या व मुलांच्या छातीत.

दुसरी चूक, पुड्या उकिरड्यावर टाकणे. त्या शेणखताबरोबर शेतात जातात व कुजत नाहीत. गाय तर मिठाच्या चवीने पुडी न चावताच गिळते. कोटीपोटात असे प्लास्टिक साठले की रवंथ मंदावते, पोट फुगते, दूध आटते. साठलेला गोळा काढायला शस्त्रक्रियाच करावी लागते.

1 जुलै 2022 पासून प्लास्टिकच्या काही वस्तूंवर देशभर बंदी आली. तीत या पुड्या नाहीत. 2016 च्या नियमांनी अशा वेष्टनांची जबाबदारी उत्पादकांवरही टाकली आहे. तरी पुडी घरात आणायची की नाही, हे आपल्याच हाती आहे.

मग काय करावे?

1. चिरमुरे, फुटाणे, शेंगा सुट्या घ्याव्यात. दुकानात जाताना डबा किंवा कापडी पिशवी न्यावी.
2. घरी चिवडा करून मुलांच्या डब्यात द्यावा. त्यात मीठ व तेल किती, हे आईला ठाऊक असते.
3. घ्यायचीच तर दहा लहान पुड्यांऐवजी एक मोठी घ्यावी. वेष्टन कमी लागते.
4. पुडी फोडताना कोपरा तोडून फेकू नये. रिकामी पुडी झटकून, कोरडी करून वेगळ्या पिशवीत साठवावी व सुका कचरा नेणाऱ्या गाडीत द्यावी.

असा कोरडा माल सिमेंटच्या भट्टीत कोळशाबरोबर जाळतात. तिथे उष्णता 1400 अंश सेल्सिअसच्या वर असते. गोव्यातून तो कर्नाटकातील सिमेंट कारखान्यांकडे जातो. हा शेवटचा उपाय होय. पहिला उपाय आपल्या स्वयंपाकघरात आहे.

आज संध्याकाळी मुलांना घेऊन आपला उकिरडा एकदा पाहा. पुड्या मोजा, उचला, आणि मग त्यांच्यासाठी मूठभर शेंगा भाजायला घ्या.